नुसत्या पाण्याची नळी

मनू, इकडे ये. कागदातून का होईना, पण जरा जवळ सरकून बस, आणि आधी बोलणी खा माझी. परवा फोनवर तू विचारलंस, "आजी, वाडीला तुमच्या शेजारी त्या केमिस्ट्रीच्या बाई राहायच्या ना, त्या नक्की काय करायच्या गं?" आणि मी तोंड उघडते न उघडते तोच "बरं, नंतर बोलू, लेक्चर आहे" म्हणून फोन ठेवलास. अशी रीत असते का? विचारायचं आपण आणि उत्तराच्या वेळी उठून जायचं! देवका मेश्राम बाईंसमोर असं केलं असतंस, तर त्यांनी तुला जिन्यावरून परत बोलावून खाली बसवलं असतं. म्हणून आता लिहूनच पाठवते. कागदाला मध्येच लेक्चर आठवत नाही.

आम्ही तेव्हा नागपूरबाहेरच्या वाडीत होतो. अमरावती रोडच्या कडेला ट्रान्सपोर्टची गोदामं, आणि तुझे आबा त्यातल्या एका गोदामात माल उतरवून घेण्याच्या कामावर. गोदामामागे भाड्याच्या खोल्यांची एक ओळ आणि अंगणात सगळ्यांत मिळून एक नळ. ट्रक दिवसभर घरघरत असायचे, त्यांची इतकी सवय झाली होती की आवाज थांबला की आम्ही बाहेर येऊन पाहायचो काय झालं ते. आणीबाणीच्या थोडं आधी शेवटच्या खोलीत बाई राहायला आल्या. एक पेटी, एक स्टोव्ह, पुस्तकांचे गठ्ठे आणि काचेच्या काही बाटल्या. बाकी सगळं हमालानं आणलं. बाटल्या त्यांनी स्वतः पोटाशी धरून आणल्या, बाळंतिणीनं पोर आणावं तशा.

वय पस्तिशीचं, लग्न केलेलं नव्हतं. नागपुरातल्या एका कॉलेजात शिकवायच्या आणि तिथेच पीएच.डी.चं काम करायच्या. घर सावनेरपुढच्या खाप्याचं. वडील विणकर, छप्पन सालच्या दीक्षेतले. मुलगी शिकली ती हातमागाच्या खटखटीत पाठांतर करून, असं बाई सांगायच्या. म्हणूनच की काय, ट्रकच्या आवाजाचा त्यांना काही त्रास नव्हता. उंच, सडसडीत, आणि बोटं कायम कुठल्या तरी रंगाची. आज निळी, उद्या हिरवी. आमच्या ओळीतल्या बायका त्यांच्या बोटांवरून ओळखायच्या की कॉलेजात आज काय चाललं होतं.

दोन सवयी लगेच लक्षात आल्या. एक म्हणजे वास घेण्याची. कोणत्याही भांड्यावरचं झाकण त्या सहज उचलायच्या, पण नाक पुढे न्यायच्या नाहीत. थोडं लांबून, तळहातानं हवा आपल्याकडे ओढायच्या. वरणाचा वास तसा, नव्या लुगड्याचा तसा, तुझ्या आईला पहिल्यांदा मांडीवर घेतलं तेव्हा तिचाही तसाच. माझ्या जावेनं विचारलं, "काहून वं बाई, पोरीले काय भूत लागलं का?" तर म्हणाल्या, "नाई वं, सवय हाय. थेट नाकाशी धरलं तर एखाद दिवस नाक जाते."

दुसरी सवय म्हणजे "कशावरून?" पोट्ट्यांनी तर त्यांचं नावच कशावरूनबाई पाडलं होतं. कोणी म्हटलं संडासात साप आहे, की बाई म्हणणार, "कशावरून?" कोणी म्हटलं अमक्याची सून पळून गेली, "कशावरून?" चिडून नव्हे हं. अगदी मनापासून विचारायच्या, आणि उत्तर मिळेपर्यंत समोरच्याच्या तोंडाकडे बघत राहायच्या. त्यामुळे आमच्या ओळीत चुगल्या थोड्या कमी झाल्या होत्या. मजाच गेली होती म्हण ना.

आता नळाची गोष्ट सांगते. घरमालकाची आई आमच्यातच राहायची. तिला सगळे बुढीच म्हणायचे. बाईंनी बादली भरली की बुढी उठायची, तोटी राखेनं घासायची, धुवायची आणि मग आपली घागर लावायची. कोणी काही बोलत नव्हतं. मीही नव्हते बोलले. बाईंनी बरेच दिवस पाहिलं. मग एका सकाळी काचेचे दोन ग्लास घेऊन आल्या. एकात तोटी घासायच्या आधीचं पाणी, दुसऱ्यात घासल्यानंतरचं. दोन्ही बुढीसमोर ओट्यावर ठेवले.

"माय, सांग बरं. याच्यातलं माह्या बाटलेल्या तोटीचं कोणतं?"

आम्ही सगळ्या हातातलं टाकून बघायला लागलो. बुढीनं दोन्ही ग्लास नीट निरखले. वाकून, डोळे बारीक करून. मग कमरेवर हात ठेवून म्हणाली, "दोन्ही तुह्याच हातानं भरले नं वं? मग दोन्ही बाटले. मले काय येडी समजून राहिली?"

मला वाटलं आता भांडण होतं. पण बाई अशा हसल्या, अशा हसल्या, की पदरानं डोळे पुसावे लागले. "बुढीचं बरोबर हाये," मला म्हणाल्या, "माहा प्रयोगच चुकला. ग्लास तिच्या हातानं भरायले पाहिजे होते." त्यानंतर कित्येक दिवस कॉलेजात पोरांना ही गोष्ट सांगून त्या प्रयोग कसा मांडू नये ते शिकवायच्या म्हणे. बुढी मात्र मरेपर्यंत तोटी घाशीत राहिली. ते काही बदललं नाही, आणि बदललं असं मी लिहिणार नाही.

बरं, तुझा मूळ प्रश्न. त्या काय करायच्या?

तुझ्या आबांना खर्‍र्याचं व्यसन. तंबाखूत घोटायची सुपारी घरीच कातरायचे, सरोता, म्हणजे अडकित्ता, हातातून सुटायचा नाही. एकदा त्यांनीच विचारलं, "मॅडम, तुमचं औषध जंतूले मारते म्हंजे करते काय?" बाईंनी त्यांच्या हातातला सरोता घेतला. "जंतूच्या पोटात असे बारके बारके सरोते असतात, भाऊ. एकेका सरोत्याचं एकेक काम. त्याले एन्झाइम म्हणतात. लघवीच्या रोगात एक जंतू असा असते, त्याचा सरोता लघवीतला युरिया कातरते. त्यातून निघते अमोनिया. मुतारीत डोळ्याले झोंबते नं, तोच. त्यानं लघवी खारी होते अन् खडे धरतात. आपल्या इथल्या उन्हात माणूस पाणी कमी पेते, मंग तर इचारूच नका."

"मंग?"

बाईंनी भिंतीतला एक खिळा उपसला आणि सरोत्याच्या बिजागरीत दाबून बसवला. सरोता ना मिटे ना उघडे. "मंग हे. जंतूले मारायचं कामच नाई. त्याचा सरोता अडवला की झालं. हा खिळा म्हंजे धातू. तांबं, जस्त, निकेल. पण धातू मोकळा सोडला तर तो आपल्याच पोटातले सरोते अडवते. बैल मोकळा सोडल्यावानी. म्हणून त्याले दुसऱ्या पदार्थाचं दावं बांधायचं अन् जिथं पाहिजे तिथंच न्यायचं. ते दावं वळायचं काम मी करून राहिली."

आबांना सगळं पटलं. पण खिळा काही निघेना. संध्याकाळपर्यंत खर्रा नाही, आणि आबा बाईंच्या दारासमोरून पायांचा आवाज करत येरझाऱ्या घालत होते.

बाईंची आशा जस्तावर होती. तांबं सरोता अडवतं हे जुनंच, सगळ्यांना माहीत, पण ते शरीराला जड. जस्त सौम्य. जस्ताला त्यांनी एक नवं दावं बांधलं होतं, आणि ते काम करत होतं. बघायची रीत अशी: काचेच्या नळीत युरिया, जंतूंचा अर्क आणि एक रंग. सरोता चालला की अमोनिया सुटून नळी गुलाबी होते. सरोता अडला की पिवळीच राहते. अर्क, युरिया, रंग, सगळं दवाखान्यातून यायचं, तिथल्याच पाण्यात कालवलेलं. बाई आपलं जस्ताचं औषध कॉलेजच्या शुद्ध पाण्यात विरघळवून थेंब थेंब घालायच्या. शेजारी तुलनेला एक नळी तशीच, त्यात काही घालायचं नाही. ती गुलाबी व्हायची. औषधाची पिवळी राहायची. वर्षानुवर्षं हेच. प्रबंध लिहून झाला, टाइप झाला, बांधून आला. खाप्याहून त्यांचे बाबा खास तो बघायला आले आणि बांधणीवर हात फिरवत बसले. वाचता येत नव्हतं त्यांना, पण शिवण तपासली. "शिलाई पक्की हाय," म्हणाले.

विद्यापीठात द्यायला आठवडाभर उरला असेल. रविवार होता. आमच्या गल्लीत कल्हईवाला आला.

कल्हईवाला आला की बाई हातातलं काम टाकून त्याच्यासमोर उकिडव्या बसायच्या. हा त्यांचा सिनेमा. भाता फुंकला जायचा, भांडं तापायचं, नवसागर पडून पांढरा धूर उठायचा, आणि कथलाची कांडी फिरवून कापसाच्या बोळ्यानं एक फटकारा मारला की काळं भांडं आतून चांदीसारखं. बाई दर वेळी "वा" म्हणायच्या. कल्हईवालाही त्यांच्यासाठी फटकारा जरा ऐटीत मारायचा. त्या दिवशी माझं तांब्याचं पातेलं त्यानं उन्हात तिरपं केलं आणि नेहमीचंच बोलला, "बाई, इसकी कल्हई तो पूरी उड़ गई. अंदर से तांबा झाँक रहा है. इसमें छाछ मत रखना."

"नाही रे बाबा," मी म्हटलं. "परवाच तांब्यानं कढी कळकली. फेकली सगळी."

बाई "वा" म्हणाल्या नाहीत. त्या पातेल्यात बघत होत्या. मग उठल्या, पायात चपला सरकवल्या आणि मला म्हणाल्या, "वहिनी, माह्यासंग कॉलेजात येतेस? आज बंद असन. एकटीले चौकीदार सोडत नाई."

"आत्ता? कायले?"

"बंब पाहाले."

बसनं कॉलेज गाठलं. तिथे गेल्यावर कळलं. पाण्याची वाफ करून ते शुद्ध करायचं एक मोठं तांब्याचं भांडं कॉलेजात होतं, त्याला सगळे बंबच म्हणायचे. फार जुना, बाईंच्या सरांच्याही आधीचा. आतून कल्हई केलेला. बाईंनी झाकण काढलं आणि मला खिडकीचं दार उघडायला लावलं. ऊन आत पडलं. बंब आतून लालबुंद होता, माझ्या पातेल्यासारखाच. कथलाचा पत्ता नव्हता.

"घरचं भांडं असतं तर कोण्याही बाईनं पाह्यलं असतं," बाई म्हणाल्या. "कॉलेजचं होतं. इथं पाणी शुद्ध असते हे सगळ्याइले माहीत होतं."

मग त्यांनी तीन नळ्या मांडल्या. सगळ्यांत तोच अर्क, तोच युरिया, तोच रंग. पहिलीत काही घातलं नाही. दुसरीत बंबातल्या पाण्याचे थेंब, औषधाशिवाय. तिसरीत दवाखान्याहून आलेल्या बाटलीतल्या पाण्याचे तेवढेच थेंब. कोमट पाण्यात तिन्ही उभ्या केल्या आणि आम्ही स्टुलांवर बसलो. बाहेर कडुनिंबावर पाखरं भांडत होती. पहिली नळी आधी नारिंगी झाली आणि मग छान गुलाबी, तेरड्याच्या फुलासारखी. तिसरीही तशीच. मधली पिवळीच राहिली.

मला काही कळलं नव्हतं असं नाही. पण मी विचारलं, "म्हणजे काय झालं, बाई?"

"म्हंजे औषध घातलं नाई, तरी सरोता अडला. इतके वर्षं जस्तानं केलं म्हणत होती मी. ते केलं बंबानं." मधली नळी त्यांनी उजेडात धरली. "नुसत्या पाण्याची एक नळी ठेवाले पाहिजे होती वं. पहिल्याच दिवशी. पोराइले शिकवते मी हे."

रडल्या वगैरे नाहीत. नळ्या धुतल्या, पुन्हा धुतल्या, उलट्या करून ठेवल्या, हात पुसले. मग आम्ही घरी आलो. माझं पातेलं कल्हई होऊन ओट्यावर लखलखत होतं. त्या दिवशी मला ते नजरेसमोर नको झालं, म्हणून आत नेऊन ठेवलं.

दोन दिवसांनी बाईंचे मार्गदर्शक सर स्कूटरवरून वाडीला आले. वयानं मोठे, सभ्य गृहस्थ, बोलणं पुस्तकी. बाईंच्या खोलीत बसायला जागा नव्हती, म्हणून आमच्या अंगणातली खाट त्यांना दिली. बाईंचे बाबा अजून परत गेले नव्हते, तेही येऊन भिंतीशी टेकून बसले. मी चहा ठेवला. दार उघडं होतं. ऐकू येत होतं ते ऐकलं.

"मेश्राम, मी तुम्हाला खोटं लिहा म्हणत नाही," सर म्हणाले. "पाण्यात तांबं होतं, मान्य. पण जस्ताचाही काही वाटा असेलच ना?"

"असेल, सर. किती, ते मला माहीत नाही."

"ते पुढे बघता येईल. आधी पदवी घ्या. परीक्षक त्या बंबाचं झाकण उघडायला येणार आहेत का?"

"नाही येणार."

"मग अडलं कुठं?"

बाई म्हणाल्या, "सर, तुमचं चुकलं तर लोक म्हणतील, सरांचं चुकलं. माझं चुकलेलं उद्या कोणी काढलं, तर मेश्रामबाई चुकल्या असं नाही म्हणणार. यांचं असंच असते, म्हणतील. माझ्यामागून ज्या पोरी येऊन राहिल्या, त्यांना ते ऐकावं लागेल."

सरांनी चहाचा कप उचलला आणि न पिता खाली ठेवला. तेवढ्यात भिंतीशी बसलेले बाबा बोलले. एवढा वेळ ते नुसते तोंडाकडे पाहत होते.

"हो म्हण नं वं पोरी. साहेब घरी चालून आले."

"बाबा, तुले समजत नाई याच्यातलं."

"मले हे समजते का मी बुढा झालो. आता किती वर्षं लागतीन?"

"दोन. तीन बी लागतीन."

"आन् तवरक मी मेलो मंग?"

"मरू नोको."

"हे का माह्या हातात हाये?"

 बाबा उठले, धोतर झटकलं, आत जाऊन आपली पिशवी घेतली. मी म्हटलं, बाबा, भाकर झाली आहे, दोन घास खाऊन जा. नको म्हणाले. खाप्याची बस गाठायची म्हणून रस्त्याकडे चालू लागले. बाई दारात उभ्या राहिल्या, पण मागे गेल्या नाहीत. सरांनी स्कूटर सुरू केली आणि जाताना एवढंच म्हणाले, "नवं काचेचं यंत्र मागवायचा अर्ज करतो मी." माणूस वाईट नव्हता.

खरं सांगू का मनू, मला तेव्हा बाईंचं पटलं नव्हतं. मला बुढ्याचं पटलं होतं. मी बोलूनही दाखवलं. बाई म्हणाल्या, "मले बी त्याचंच पटते वहिनी. पण कराले तर हेच लागते."

बांधणी उसवली त्यांनी. स्वतः, ब्लेडनं, आमच्या ओट्यावर बसून. मग काचेच्या यंत्रातलं पाणी आलं आणि सगळं पहिल्यापासून सुरू झालं. प्रत्येक वेळी एक जास्तीची नळी, नुसत्या पाण्याची. जस्ताची नळी गुलाबी झाली. निकेलची झाली. कोबाल्टची झाली. संध्याकाळी बसमधून उतरल्या की मी दारातूनच हाक मारायची, "काय वं बाई, आज कोण गुलाबी?" त्या रस्त्यावरूनच नाव सांगायच्या, मयताची बातमी सांगावी तशा स्वरात, आणि मग आम्ही दोघीही हसायचो. उभं राहिलं ते तांबंच. त्याला त्यांनी निरनिराळी दावी बांधून पाहिली, कोणत्या दाव्यानं ते किती अडवतं आणि कशानं सुटतं ते मांडलं. पहिला प्रबंध जाडजूड होता. हा निम्म्यावर आला, आणि त्यात काय काय होत नाही हेच पुष्कळ होतं. बंबावर एक अख्खं प्रकरण.

त्या काळात बाबा वाडीला आले नाहीत. बाई सुटीत खाप्याला जायच्या. परत आल्या की विचारू नये असं तोंड असायचं, म्हणून मी विचारायची नाही. तिसऱ्या हिवाळ्यात बाबा गेले. पदवी अजून व्हायची होती.

उन्हाळ्यात तोंडी परीक्षा झाली. कोणीही येऊन बसू शकतं म्हणाल्या, म्हणून मीही इस्त्रीचं लुगडं नेसून मागच्या बाकावर जाऊन बसले. बाहेरगावचे परीक्षक होते, चष्मा कपाळावर ठेवून बोलायचे. पुष्कळ इंग्रजीत चाललं, ते राहू दे. शेवटी मात्र त्यांनी मराठीत विचारलं, "बाई, एवढं सगळं केलंत. यातून औषध होईल?"

"आज तरी नाही, सर," बाई म्हणाल्या. "नळीत अडवते. माणसाला द्यायचं तर आधी त्याच्या किडनीला ते सोसलं पाहिजे. ते मी पाहिलं नाही. पाहिल्याशिवाय होईल म्हणता येत नाही."

"मग या प्रबंधातून आम्ही घ्यायचं काय?"

"कोणत्या पाण्यात काय दिसलं, ते."

परीक्षक हसले. चष्मा खाली घेतला आणि बंबाचंच प्रकरण काढून बराच वेळ त्यावरच विचारत बसले. मार्गदर्शक सर पुढच्या रांगेत मान खाली घालून ऐकत होते. पास झाल्या. सरांनीच आधी उठून हात जोडले.

मला वाटलं आता घरी येतील, चहा होईल. पण बाईंनी रस्त्यातल्या दुकानातून पेढ्यांचा मोठा पुडा घेतला आणि म्हणाल्या, "वहिनी, खाप्याले चाल माह्यासंग. सांगाले लागीन नं." आबांना निरोप धाडून आम्ही बसमध्ये बसलो. सावनेरच्या पुढे खिडकीतून गरम वारा येत होता. पुडा त्यांच्या मांडीवर. मी विचारलं, "कोणाला सांगणार आधी?" म्हणाल्या, "पाहू. सगळ्याइले माहीत होतं का काम चालू हाये म्हणून. वाटच पाहत असतीन."

खाप्याला उतरलो. पहिल्याच वळणावर एक पानठेलेवाला ठेल्यावरून उठून उभा राहिला. "या या, डॉक्टरीणबाई! लय दिवसांनी!" बाई जरा थबकल्या. मला वाटलं, बातमी आपल्याआधी पोचली की काय. पण पोचणार कशी? पुढे एक सायकलवाला उतरून नमस्कार करून गेला, "डॉक्टरबाई, बरं हाय नं?" त्यांच्या गल्लीत शिरलो तर शेजारची म्हातारी दारातच सूत उकलत बसली होती. बाईंनी पुडा सोडला आणि तिच्यासमोर धरला.

"आजी, पेढे घे. मी डॉक्टर झाली."

म्हातारीनं पेढा घेतला, पण तोंडात घातला नाही. बाईंकडे पाहतच राहिली. "आता कायचे पेढे वं? तुह्या बापानं वाटले नं तवाच. तीनेक वर्षं झाले असतीन. नागपूरवरून आला, भाकर बी नोती खाल्ली त्यानं. थेट दुकानात गेला. पूर्ण खाप्याले वाटले. पोरगी डॉक्टर झाली म्हणे."

मी बाईंच्या तोंडाकडे पाहिलं नाही. पुड्याकडे पाहत राहिले. म्हणजे त्या दिवशी आमच्या अंगणातून उपाशी उठून गेलेला बुढा खाप्यात उतरला तो सरळ पेढ्यांच्या दुकानात. आणि पुढे लेक सुटीला यायची, तेव्हाही त्यानं कोणालाच खरं सांगितलं नाही, तिलाही सांगितलं नाही. लोक तिला डॉक्टरीणबाई म्हणत असतील, तेव्हा तिला ते लोकांचं कौतुक वाटलं असेल, होणारच आहे म्हणून आधीच म्हणतात असं. कोणाला ठाऊक. मी विचारलं नाही.

 बाई "कशावरून?" म्हणाल्या नाहीत. मग वाकल्या आणि म्हातारीच्या हातावर दुसरा पेढा ठेवला.

"ते बाबाचे होते वं आजी," म्हणाल्या. "हे माहे."

म्हातारीला त्यातलं काय कळलं असेल! तिनं दोन्ही पेढे खाल्ले आणि सूत उकलायला लागली. बाई पुढच्या दारी गेल्या, मग त्याच्या पुढच्या. माझी परतीची बस होती, त्या रात्री तिथेच राहणार होत्या. गल्लीच्या तोंडाशी मी मागे वळून पाहिलं, तर बाई एका दारात पुडा घेऊन उभ्या. घरातला माणूस हसून काहीतरी म्हणत होता, पेढे मागंच खाल्ले म्हणत असेल, आणि बाई मान हलवून त्याच्या हातावर पेढा ठेवत होत्या. त्यानंतर महिन्याभरातच आबांची बदली झाली आणि आमची वाडी सुटली. माझ्या डोळ्यांपुढे येतात त्या बाई तिथल्याच, खाप्याच्या गल्लीत दारोदार पेढे देत चाललेल्या.

तर अशा होत्या त्या, आणि हे करायच्या. लिहून हात दुखला, मनू. अजून पुष्कळ आहे, पण ते कागदावर नीट उतरत नाही, तोंडानंच सांगावं लागेल. या महिन्यात ये. एका दिवसासाठी धावत येऊ नकोस, चांगली चार दिवस राहायला ये, आणि ते लेक्चर तिकडेच ठेवून ये. कळवलंस तर मी बसस्टँडवर येऊन उभी राहीन, पण न कळवताही ये. दार लोटलेलंच असतं.